जिम्रीच्या 25 ओळी मराठीत आणताना

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे माझ्याकडून समजण्यात काही चूक झाली असेल तर कळेल. एम.ए.च्या सेमिनारसाठी तुम्ही सतराव्या शतकातला इंग्रज कवी जॉन ड्रायडन याच्या ‘अ‍ॅब्सलम अँड अकिटोफेल’ या राजकीय उपहासकवितेतला जिम्रीचा उतारा मराठीत करायला घेतला आहे. जिम्री या बायबलमधल्या नावाआड आहे तो त्या काळचा उमराव ड्यूक ऑफ बकिंगहॅम, हे तुम्हाला ठाऊक आहे. अर्थही लागला आहे. पण तुमचा मराठी मसुदा वाचून तुमच्या मार्गदर्शक म्हणाल्या, ‘ही शिव्यांची यादी झाली, यात ड्रायडन कुठे आहे?’ म्हणून तुम्ही दोन गोष्टी विचारल्या आहेत. ‘लहरी’, ‘उधळ्या’, ‘विदूषक’ यांना आणखी सौम्य शब्द कोणते? आणि बायबलमधली नावं काढून महाभारतातली घातली तर मराठी वाचकाला जवळची वाटतील का?

मी 27 वर्षं हा काळ शिकवते आहे, आणि हा उतारा आजवर चार वेळा मराठीत केला आहे. पहिल्या खेपेला माझंही नेमकं हेच झालं होतं. म्हणून स्पष्ट सांगते, अडचण शब्दांच्या तिखटपणाची नाही. ‘उधळ्या’च्या जागी ‘खर्चिक’ घातलंत तरी यादी ती यादीच राहील. आपण विशेषणांनी माणूस रंगवतो. ड्रायडननं तो क्रियापदांनी आणि ओळीच्या बांधणीनं रंगवला आहे.

एक काम करा. मूळ इंग्रजी उतारा समोर घ्या आणि उघड निंदेचे शब्द पेन्सिलीनं अधोरेखित करा. ‘बफून’ मिळेल. ‘मॅडमन’ मिळेल, पण त्याच्या आधी ‘ब्लेस्ट’ आहे, म्हणजे भाग्यवान वेडा. ‘विकेड’ मिळेल, पण लगेच पुढे ‘बट इन विल’ असं म्हणून त्याचा दुष्टपणा केवळ इच्छेपुरता ठेवला आहे. याखेरीज फारसं काही हाती लागत नाही. माझ्या पहिल्या मराठी मसुद्यात मात्र ‘लंपट’, ‘चंचल’, ‘उडाणटप्पू’, ‘नालायक’ असा सगळा बाजार भरला होता. तुमच्या मसुद्यावरही पेन्सिल फिरवा, मार्गदर्शकांना काय खटकलं ते लगेच दिसेल.

आता थोडी पार्श्वभूमी, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. राजा दुसरा चार्ल्स. मुंबई लग्नात आंदण मिळालेला आणि 1668 मध्ये ती वर्षाला 10 पौंड भाड्यानं ईस्ट इंडिया कंपनीच्या हवाली करणारा, तोच हा. त्याला औरस मूल नव्हतं. गादी जाणार होती धाकट्या भावाकडे, जेम्सकडे, आणि जेम्स कॅथलिक झालेला होता. 1678 मध्ये टायटस ओट्स नावाच्या माणसानं कॅथलिकांनी राजाच्या खुनाचा कट रचल्याची खोटी आवई उठवली आणि तिच्यापायी निरपराध माणसं फासावर गेली. त्या भीतीच्या जोरावर अर्ल ऑफ शाफ्ट्सबरीनं जेम्सला वारसाहक्कातून वगळण्याची मोहीम चालवली. पर्याय म्हणून पुढे होता राजाचा अनौरस मुलगा, ड्यूक ऑफ मॉनमथ. ड्रायडननं हे राजकारण बायबलमधला दावीद राजा आणि त्याच्यावर उलटलेला मुलगा अबशालोम (इंग्रजीत अ‍ॅब्सलम) यांच्या कथेवर बसवलं. दावीद म्हणजे चार्ल्स, अबशालोम म्हणजे मॉनमथ, आणि मुलाला फितवणारा सल्लागार अहीथोफेल (इंग्रजीत अकिटोफेल) म्हणजे शाफ्ट्सबरी. कविता नोव्हेंबर 1681 मध्ये निनावी छापून आली तेव्हा शाफ्ट्सबरी राजद्रोहाच्या आरोपाखाली टॉवर ऑफ लंडनमध्ये कैदेत होता. बकिंगहॅम याच विरोधी गोटातला बडा उमराव.

बकिंगहॅम कसा माणूस होता हे लक्षात घेतल्याशिवाय ड्रायडननं काय गाळलं ते दिसत नाही, आणि या उताऱ्याचं निम्मं कसब गाळण्यात आहे. तो काही महिन्यांचा असताना, 1628 मध्ये, त्याच्या वडिलांचा खून झाला. पुढे तो पहिल्या चार्ल्सच्या घरात राजपुत्रांच्या बरोबरीनं वाढला. म्हणजे आताचा राजा त्याचा बालमित्र. कविता, संगीत, रसायनं, विनोद, सगळ्यात त्याला गती होती. 1668 मध्ये त्यानं अर्ल ऑफ श्रूज्बरीशी तलवारीचं द्वंद्व केलं. कारण उघड होतं, अर्लची बायको बकिंगहॅमची प्रेयसी होती. अर्ल त्या जखमेनंतर दोन महिन्यांत मेला, आणि बकिंगहॅमनं त्याच्या विधवेला आपल्याच घरी आणून ठेवलं. त्यानंतरही तो राजाचा मंत्री राहिला. 1674 मध्ये पद गेलं, तेव्हा तो विरोधकांना जाऊन मिळाला.

ड्रायडनला त्याच्याकडून वैयक्तिक घावही बसला होता. डिसेंबर 1671 मध्ये बकिंगहॅमचं ‘द रिहर्सल’ हे प्रहसन रंगमंचावर आलं. त्यात बेज नावाचा एक फुगीर नाटककार आहे. बेज म्हणजे राजकवीच्या शिरावरची पानं, आणि राजकवी तेव्हा ड्रायडन होता. सगळं लंडन हसलं. ड्रायडन दहा वर्षं गप्प बसला.

आता विचार करा. दहा वर्षांचा राग मनात, समोर खून आणि व्यभिचार यांचा जगजाहीर मामला, आणि राजाची बाजू लढवण्याचं काम हाती. तुम्ही काय लिहिलं असतं? मी तर द्वंद्वच आधी लिहिलं असतं. ड्रायडननं 25 ओळींत त्याचा एक शब्द काढलेला नाही. त्यानं दाखवला तो धरसोड करणारा, पैसा उडवणारा, कशातच पहिला न ठरणारा माणूस.

का? एक कारण व्यवहाराचं आहे. उमरावांची बदनामी हा तेव्हाच्या कायद्यात वेगळा गुन्हा होता. शिवाय ज्याला राजानं इतकी वर्षं जवळ केलं त्याला राक्षस ठरवलं तर डाग राजालाही लागतो. पण मला त्याहून मोठं कारण वेगळं वाटतं. खुनी माणसाची भीती वाटते, आणि भीती वाटते म्हणजे त्याला वजन आहे असं आपण मान्य करतो. ड्रायडनला नेमकं ते वजनच काढून घ्यायचं होतं. विरोधी गोटातला सर्वांत उंच कुळातला माणूस पोकळ आहे असं वाचकाला वाटलं की गोटाची उंची आपोआप खाली येते.

आणि तो गुन्हा पूर्ण गाळलाय असंही नाही. तो नावात आहे. इथे तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आलं. बायबलमध्ये जिम्री दोन आहेत. ‘गणना’ या पुस्तकातला जिम्री हा आपल्या वंशाचा सरदार, तो सगळ्या लोकांदेखत एका मिद्यानी बाईला घेऊन तंबूत जातो आणि तिथेच भाल्यानं मारला जातो. ‘राजे’ या पुस्तकातला जिम्री हा रथदळाचा अधिकारी, तो दारू पिऊन पडलेल्या आपल्या धन्याचा खून करतो आणि सात दिवस राज्य करून संपतो. 1681 चा वाचक बायबलवर वाढलेला होता. ‘जिम्री’ हा शब्द ऐकताच व्यभिचार, स्वामिद्रोह आणि सात दिवसांचं औट घटकेचं राज्य हे सगळं त्याच्या मनात आपोआप उभं राहत असे. कवीला पुढे ते बोलून दाखवायची गरजच उरली नाही.

त्याच्या जागी शकुनी किंवा शिशुपाल घातलात तर हे दोर तुटतात. शकुनी उधळ्या नाही, शिशुपाल किमयागार नाही, आणि दावीद–अबशालोम या बापलेकांच्या नात्यातली माया महाभारतातल्या कुठल्या जोडीत जशीच्या तशी मिळत नाही. ती माया या कवितेला अत्यावश्यक आहे, कारण राजाचं बंडखोर मुलावर खरोखर प्रेम होतं. म्हणून नावं बदलू नका. फक्त ती मराठी बायबलमध्ये आहेत त्या रूपात घ्या, म्हणजे दावीद, अबशालोम, अहीथोफेल, जिम्री. ‘अ‍ॅब्सलम’पेक्षा ‘अबशालोम’ मराठी कानाला किती सहज वाटतं बघा. ख्रिस्ती घरातल्या वाचकाला त्याहून जास्त काही सांगावं लागणार नाही, इतरांसाठी चार ओळींची प्रस्तावना पुरते.

आता उताऱ्यात शिरू. सुरुवातीची दोन ओळींची जोडी म्हणते की हा माणूस इतका नाना परींचा की तो एकटा वाटतच नाही, सगळ्या मानवजातीचा सारांश वाटतो. घाई करून यातच टोमणा आणू नका. हे ऐकताना बकिंगहॅमलाही बरं वाटलं असेल असं ते असायला हवं. युरोपच्या दरबारांत उत्तम उमरावाची कल्पनाच अशी होती की त्याला तलवार यावी, वाद्य यावं, कविता करता यावी, चित्राची पारख असावी आणि राजाला सल्लाही देता यावा. बहुश्रुतपणा हे दरबारी माणसाचं भूषण. ड्रायडन तेच भूषण उचलतो आणि त्यात फक्त काळ मिसळतो. एका चांद्रमासात हा किमयागार, फिडल वाजवणारा, मुत्सद्दी आणि विदूषक! गुण तेच राहिले. महिना एकच उरला, म्हणून ते दोष झाले. आपल्याकडे ज्याला शालजोडीतले म्हणतात ते याहून चांगलं क्वचित पाहायला मिळेल.

त्या यादीचा क्रम बारकाईनं बघा. ‘मुत्सद्दी’ हा शब्द फिडलवाला आणि विदूषक यांच्या मधे बसवलाय. त्याला वेगळी ओळ नाही, वेगळं विशेषण नाही. देशाचा कारभार ही या माणसाची तिसरी करमणूक, चौथीच्या आधीची. अनुवादात हा क्रम हलवलात तर सगळं गेलं. तुमच्या मसुद्यात तुम्ही ‘कधी मुत्सद्दी तर कधी विदूषक, कधी वादक तर कधी रसायनतज्ज्ञ’ असं केलंय. वाक्य म्हणून ते गोंडस आहे, पण मुत्सद्दी त्यात पहिल्या मानाच्या जागेवर जाऊन बसला. शिवाय ‘कधी… कधी…’ मुळे महिनाभरातली धावपळ जाऊन वर्षानुवर्षांचा ऐसपैस काळ आला. चार शब्द, मधे स्वल्पविराम, एक ‘आणि’. बस.

गद्य की पद्य, हे तुमच्या सेमिनारवर अवलंबून आहे. टिपणांसह अर्थ समजावायचा असेल तर स्वच्छ गद्य उत्तम, आणि त्यात कमीपणा काही नाही. पण घाव कसा बसतो हे दाखवायचं असेल तर दोन-दोन ओळींचं यमक लागेलच. मूळ ओळ दहा सिलॅबलची (म्हणजे दहा उच्चारखंडांची), पाच ठोक्यांची, बहुधा मधे एक थांबा, आणि दोन ओळींनी विचार मिटतो. ओवीत करून पाहिलं तर ओघ इतका येतो की धार बोथट होते. अभंगात भक्तीचा सूर नकळत शिरतो. चार प्रयत्नांनंतर मी सोळा मात्रांच्या पादाकुलकावर स्थिरावले, कारण आठ आणि आठ अशी ती ओळ मधोमध नैसर्गिकपणे थांबते. ‘स्टिफ इन ओपिनियन्स, ऑल्वेज इन द राँग’ ही ओळ मी अशी केली आहे:

मते ताठ अन् चूक नेहमी

‘ताठ’पर्यंत वाटतं, माणूस करारी दिसतोय. थांब्यानंतर ते कोसळतं. मूळ ओळीतही नेमकं तसंच घडतं, म्हणून मात्रांचा हा हिशेब करण्यात वेळ फुकट जात नाही.

माझ्या मते उताऱ्यातली सर्वांत अचूक ओळ म्हणजे ‘ही हॅड हिज जेस्ट, अँड दे हॅड हिज इस्टेट’. खुशमस्कऱ्यांनी त्याला लुबाडलं, आणि त्याला ते उशिरा कळलं. तोवर व्यवहार पुरा झाला होता. दोन्ही भागांत क्रियापद तेच, ‘हॅड’. हिशेबाच्या वहीत दोन्ही बाजू जुळाव्यात तसं. मराठीत ‘त्याला फक्त विनोद मिळाला, पण त्यांनी मात्र मालमत्ता हडप केली’ असं लिहिलंत की ‘हडप’नं सगळा तोल घालवला, कारण आता दोष त्यांचा झाला. मूळात तक्रार नाही, फक्त देवघेवीची नोंद आहे. ‘पदरी’ या एका शब्दानं मला तो तोल सापडला:

हशा तेवढा याच्या पदरी,
जहागीर ती त्यांच्या पदरी

मूळ एका ओळीच्या इथे दोन झाल्या, ती तडजोड मी स्वीकारली.

त्याच्या जरा आधी म्हटलंय की याच्याकडे बक्षीस मिळालं नाही ते फक्त लायकीला. ‘बक्षीस सगळ्यांना, लायकी तेवढी उपाशी’ असं काहीसं करता येईल. इथे ‘अन्यायानं’ वगैरे शब्द घालायचा मोह टाळा.

दोन ठिकाणी ड्रायडन यमकाची जात बदलतो. ‘ड्रिंकिंग’–‘थिंकिंग’ आणि ‘सिव्हिल’–‘डेव्हिल’. बाकी यमकं शेवटच्या ठोक्यावर ठाम मिटतात. या दोन्हींत ठोक्यानंतर एक सैल सिलॅबल लोंबत राहतं, आणि पल्लेदार ओळ एकदम घरंगळते. मराठीत यमकानं हा फरक दाखवणं कठीण, कारण आपलं यमक सहसा असंच दोन अक्षरांचं असतं. मी तिथे भाषेची पट्टी खाली आणते. आजूबाजूला प्रौढ शब्द ठेवून त्या ओळीत मात्र ‘बाया, चित्रे, कविता, दारू’ असं सरळ बोलीतलं लिहिते. तुम्हाला दुसरी वाट सापडली तर जरूर कळवा, मी अजून शोधतेच आहे.

शेवटची ओळ इंग्रजीत ‘लेफ्ट’ या शब्दावर फिरते. त्यानं गट सोडला नाही, गटानंच त्याला सोडलं. शब्दांचे असे खेळ अनुवादात बहुतेक वेळा मरतात. इथे मराठीनं आपल्याला जणू भेटच दिली आहे, कारण ‘सोडणे’ अगदी तसंच दोन्हीकडून चालतं:

गट ना सोडी, गट त्या सोडी

ही ओळ मला तिसऱ्या प्रयत्नात मिळाली, आणि त्या दिवशी झालेला आनंद मला आजही आठवतो.

हे सगळं ड्रायडननं जाणूनबुजून केलं का, असं विद्यार्थी दरवर्षी विचारतात. याचं उत्तर त्यानं स्वतः दिलेलं आहे. 1693 च्या उपहासावरच्या दीर्घ निबंधात तो म्हणतो की कुणाला बदमाश म्हणणं सोपं असतं. तसले शब्द न वापरता तो मूर्ख किंवा लबाड दिसेल असं करणं अवघड. माणसाची ओबडधोबड कत्तल वेगळी, आणि असा नाजूक घाव वेगळा की डोकं धडापासून सुटतं तरी जागच्या जागी उभं राहतं. जिम्रीचं चित्र आपल्याला सगळ्या कवितेइतकं मोलाचं वाटतं, असंही तो तिथे सांगतो. ते रक्तबंबाळ नाही, पुरेसं हास्यास्पद आहे, आणि ज्याच्यासाठी ते होतं तो इतका चतुर होता की त्यानं ते मनाला लावून घेतलं नाही, असं त्याचं म्हणणं. त्याला उपहासाची दुसरी बाजूही माहीत होती. डिसेंबर 1679 मध्ये, हस्तलिखित फिरणारी एक उपहासकविता त्याचीच असावी या संशयावरून, कोव्हेंट गार्डनजवळच्या रोज अ‍ॅलीत रात्री त्याला काठ्यांनी बेदम मारण्यात आलं. 50 पौंडांचं बक्षीस लावूनही हल्लेखोर मिळाले नाहीत. त्यानंतर दोन वर्षांनी त्यानं जिम्री लिहिला. त्यातला संयम मला म्हणूनच फार मोठा वाटतो.

सेमिनारमध्ये वेळ उरला तर शेजारी अहीथोफेलचं चित्र ठेवा. तिथे ड्रायडन कठोर शब्द वापरतो, ‘फॉल्स’ म्हणतो, शापित नाव म्हणतो, कारण शाफ्ट्सबरी खरोखर धोकादायक होता. पण दुसऱ्या आवृत्तीत त्यानं शाफ्ट्सबरीच्या न्यायाधीशपणाची स्तुती करणाऱ्या ओळी वाढवल्या. त्याचे डोळे चाणाक्ष आणि हात स्वच्छ होते, असं म्हटलं. ज्याची भीती आहे त्याचं मोठेपण कबूल करायचं, आणि ज्याला हलकं करायचं आहे त्याला हसत हसत दरबाराबाहेर जाऊ द्यायचं. या दोन रीती शेजारी ठेवल्या की जिम्रीवर वेगळं भाष्य करावं लागत नाही.

मसुदा पुन्हा करताना आधी सगळी विशेषणं काढून टाका आणि काय उरतं ते पाहा. मग ज्याला बकिंगहॅम कोण हे माहीत नाही अशा घरातल्या कुणाला तरी तो मोठ्यानं वाचून दाखवा. ऐकणारा ‘विदूषक’ या शब्दावर हसला तर अजून काम बाकी आहे. त्याआधीच्या ‘मुत्सद्दी’वर त्याच्या चेहऱ्यावर काही हललं, तर तो मसुदा मार्गदर्शकांकडे न्यायला हरकत नाही.